औषधाआधीचा थेंब

गाय तांबडे मुतली की गोठ्यातल्या माणसांचा जीव खाली-वर होतो. सकाळी दूध काढायला बसलेल्या बाईला त्याआधीच काहीतरी बिनसल्याचे कळलेले असते. रात्रीची वैरण तशीच पडलेली, कान हाताला कढत लागतात, रवंथ बंद, दूध निम्म्यावर. मग गाय मुतते आणि कोब्यावरून काळ्या चहाच्या रंगाचा ओघळ वाहत जातो. घरातले एक माणूस उष्णता झाली म्हणते, दुसरे नजर लागली म्हणते, आणि तिसरे मोबाइल घेऊन अंगणात धावते. डॉक्टर येतो. ताप पाहतो, डोळ्याची पापणी उलटी करून आतला फिकेपणा पाहतो आणि पिशवी उघडतो. एक इंजेक्शन गोचीड तापाचे, एक प्रतिजैविकाचे, एक ताप उतरवायचे, वर एखादे यकृताचे. गाय उभी राहिली तर सगळ्यांना हायसे वाटते, पण ती यांतल्या कोणत्या औषधाने उभी राहिली हे कोणालाच ठाऊक नसते. गेली, तर कशाने गेली हेही कळत नाही. आणि आठ दिवसांनी शेजारच्या दाव्यावरची गाय चारा सोडते.

गुरांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खटकते ते हे न कळणे. कारण कळण्याचा मार्ग अवघड नाही. पहिली सुई औषधाची न टोचता रक्ताचा थेंब घेण्यासाठी टोचायची, एवढाच तो आहे.

लघवी तांबडी होण्याला एकच कारण नसते. गोचिडीतून शिरलेला बबेशिया हा एकपेशीय परजीवी तांबड्या पेशी फोडतो आणि त्यांतला रंग लघवीतून बाहेर पडतो. पण भरपूर दूध देणारी गाय किंवा म्हैस व्याल्यानंतर काही आठवड्यांत फॉस्फरस कमी पडल्यामुळेही अशीच तांबडी मुतते. तिच्या रक्तात परजीवी नसतो, तिला हवे असते फॉस्फरसचे क्षार. लेप्टोस्पायरोसिसनेही लघवी तांबडी होते, तो तर जिवाणू आहे आणि माणसालाही होतो. मूत्राशयातून रक्त जात असेल तर गोष्ट आणखी निराळी. चार दुखण्यांचा रंग एक, औषधे मात्र चार वेगवेगळी. उलट तांबडी लघवी न करणाऱ्या, नुसत्या तापाने फणफणलेल्या गाईच्या रक्तात थायलेरिया असू शकतो, आणि बबेशियावर चालणारे औषध थायलेरियाला बरे करीत नाही. त्याला बुपार्व्हाक्वोन लागते. ते महाग आहे आणि वेळेत दिले तरच उपयोगी पडते. चुकीच्या औषधावर दोन दिवस गेले, तर ते दोन दिवस गाईच्या आयुष्यातून वजा होतात.

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके या विषयासाठी नीट पाहण्यासारखे आहेत. पेडणे तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या मधला. खाली खाडीकाठची खाजन शेती, मध्ये माड-पोफळीची कुळागरे, वर जांभ्या दगडाचे सडे आणि काजूचे डोंगर. डिचोलीत कुडणे, मये, नार्वे यांसारखी नदीकाठची गावे, तर दुसऱ्या बाजूला लाटंबार्से, मेणकुरे, साळ अशी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे सरकत जाणारी. तिथे सीमा कागदावर आहे, गुरांना ती माहीत नाही. हरळी, तण आणि काजूखालचा पाला खात ती हिंडतात आणि अंगावर गोचिडी घेऊन संध्याकाळी घरी येतात. मोपाच्या सड्यावर आज विमाने उतरतात, पूर्वी तिथे गुरे चरत. चरायची जागा आक्रसली की उरलेल्या जागेवर गुरांची दाटी होते, आणि दाटीत गोचिडीचे फावते.

एक गोचीड मादी पोटभर रक्त पिऊन खाली पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. आपल्याकडे गुरांच्या अंगावर सर्रास दिसणारी निळसर-करडी, वाटाण्यासारखी टम्म फुगलेली गोचीड बबेशिया अंड्यांतून पुढच्या पिढीत पोचवते. म्हणजे तिची पिल्ले कोणत्याही आजारी जनावराला चावण्याआधीच रोग घेऊन जन्मलेली असतात. थायलेरियाचा प्रवास वेगळा. त्याची एक प्रमुख वाहक गोचीड गोठ्याच्या भिंतीतल्या भेगांत दडून राहते, त्या परजीवीचे संक्रमण अंड्यांतून होत नाही, प्रत्येक पिढीला तो आजारी किंवा बऱ्या झालेल्या जनावराकडूनच घ्यावा लागतो. म्हणून कोणत्या गाईच्या रक्तात काय आहे हे कळले, तर गोठ्यात उद्या काय होणार याचा अंदाज बांधता येतो. नुसती गोचीड वेचून हे कळणार नाही.

गोव्याची स्वतःची गाय, जिची श्वेत कपिला या नावाने राष्ट्रीय पातळीवर देशी जात म्हणून नोंद झाली आहे, ती लहानखुरी, पांढरी आणि दूध बेताचे देणारी. शेजारची कोकण कपिलाही तशीच काटक. देशी गुरांना गोचीड चावत नाही असे नाही, पण त्यांचे अंग तिला फारशी दाद देत नाही, आणि लहानपणापासून थोडा थोडा परजीवी रक्तात खेळवत ती त्याच्याशी जुळवून घेतात. संकरित गाईचे तसे नाही. तिच्या अंगातले जर्सी किंवा होल्स्टिनचे रक्त दूध आणते, पण गोचीड तापापुढे ते दुबळे ठरते. गोव्यात सुधारित कामधेनू योजनेतून अनुदानावर संकरित गाई घेता येतात आणि त्या बहुधा परराज्यांतून येतात. योजना चांगली आहे, तिने घरे उभी केली आहेत, आणि म्हणूनच पुढचे बोलायला हवे. बाहेरून आलेल्या गाईचे दोन धोके असतात. ती आपल्या रक्तातून परका परजीवी आणू शकते, किंवा ती स्वच्छ असते आणि इथल्या गोचिडीतला परजीवी तिला पहिल्यांदाच भेटतो. प्रवासाचा ताण, बदललेले पाणी, बदललेला चारा, त्यात गाय गाभण. रक्तात दबून राहिलेला परजीवी अशाच वेळी डोके वर काढतो. गाय ट्रकमधून उतरते तेव्हा तिच्या कानात बिल्ला असतो, सोबत कागद असतात, दुधाचा आकडा असतो. तिच्या रक्ताबद्दल मात्र त्या कागदांत एक ओळ असली तरी पुष्कळ.

आता त्या थेंबाविषयी. मी हे सविस्तर सांगणार आहे, कारण गोठ्यातल्या माणसाला ते समजले तर तो डॉक्टरकडे ते मागू शकेल.

कानाच्या टोकाजवळची बारीक शीर निवडतात. तिथले केस कातरतात, स्पिरिटने पुसतात आणि स्पिरिट पूर्ण वाळू देतात, कारण ओल्या स्पिरिटमध्ये रक्तपेशी फुटतात. सुईने टोचून आलेला थेंब, तांदळाच्या दाण्याहून लहान, काचपट्टीच्या एका टोकाला घेतात. दुसरी काचपट्टी तिरकी धरून त्या थेंबाला टेकवायची आणि एका हाताने, न थांबता, पुढे ओढायची. पातळ पापुद्रा उमटतो आणि शेवटाकडे विरळ होत संपतो. त्या विरळ कडेशीच पेशी एकेकट्या, सुट्या दिसतात आणि तिथेच शोध घ्यायचा असतो. जाड थर दिला तर पेशी एकमेकींवर चढतात आणि काहीच उमगत नाही. बबेशियासाठी कानाच्या किंवा शेपटीच्या टोकाचे रक्त मानेच्या मोठ्या शिरेपेक्षा बरे, कारण सूक्ष्म केशवाहिन्यांत परजीवी असलेल्या पेशी जास्त सापडतात.

गोव्याच्या पावसात हे काम सोपे नाही. हवा इतकी दमट असते की पापुद्रा लवकर वाळत नाही, आणि हळूहळू वाळलेल्या पेशी आकसून वेड्यावाकड्या होतात. काचपट्टी हवेत हलवून लगेच वाळवावी लागते. उघडी ठेवली तर माश्या बसतात आणि रक्त चाटून नेतात. फॉर्मेलिनच्या बाटलीशेजारी ठेवली तर त्याच्या वाफेने पुढे रंग नीट चढत नाही. मग मिथेनॉलमध्ये काही मिनिटे बुडवून पापुद्रा पक्का करायचा आणि गिम्साच्या पातळ केलेल्या रंगात अर्धा-पाऊण तास ठेवायचा. गुस्ताव्ह गिम्सा या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९०४ साली मलेरियाच्या परजीवीसाठी हा रंग सिद्ध केला. शंभर वर्षे उलटून गेली तरी पशुवैद्यकात त्याची जागा घेणारे, इतके स्वस्त दुसरे काही आलेले नाही.

तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठे करून पाहिले की गुलाबी पेशींचे रान दिसते. बबेशिया असेल तर पेशीच्या आत जांभळे, नासपतीच्या आकाराचे दोन जीव टोकाला टोक लावून बसलेले. थायलेरिया असेल तर बारीक कडी, स्वल्पविराम किंवा काडी. अ‍ॅनाप्लाझ्मा असेल तर पेशीच्या अगदी कडेला एक गडद ठिपका. तो खरे तर जिवाणू, पण गोचिडीतूनच येतो आणि तसाच ताप, तसाच फिकेपणा आणतो. त्याच्या बाबतीत फसगत सहज होते, कारण रंगाचा न विरघळलेला कणही तसाच ठिपका दिसतो. सराव झालेला डोळा सूक्ष्मदर्शकाचे चक्र फिरवून पाहतो. पेशीत खरोखर असलेला ठिपका पेशीबरोबरच स्पष्ट होतो, वर पडलेला कण वेगळ्या पातळीवर चमकतो. असा डोळा घडायला शेकडो काचपट्ट्या पाहाव्या लागतात. जिथे काचपट्ट्या येतच नाहीत तिथे तो घडत नाही, आणि डोळा नाही म्हणून कोणी काचपट्टी पाठवत नाही.

सर्रा या रोगाचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा, मात्र पेशीच्या आत शिरत नाही. ताज्या रक्ताचा थेंब न रंगवता काचेखाली पाहिला तर पेशींच्या गर्दीत काहीतरी सळसळत पेशींना ढकलताना दिसते. हा रोग गोचिडीचा नसून चावऱ्या मोठ्या गोमाश्यांचा. घोडे आणि उंट त्याने मरतात. गाई-म्हशी अनेकदा तो महिनोन्‌महिने अंगात वागवतात, दूध कमी होत जाते, गाभ टाकला जातो, आणि कारण कोणी शोधत नाही.

आणि आता मुद्दा. औषध दिल्यावर काही तासांतच रक्तातले परजीवी कमी व्हायला लागतात. दुसऱ्या दिवशी काचपट्टी काढली तर ती रिकामी दिसू शकते. प्रयोगशाळा प्रामाणिकपणे लिहिते: परजीवी आढळला नाही. गावात त्याचा अर्थ होतो, रक्त तपासून काही उपयोग नसतो. अशी एक काचपट्टी पुढच्या दहा गाईंची तपासणी बंद पाडते. गाय कोसळलेली असताना निकालाची वाट पाहा असे कोणी म्हणत नाही. औषध द्यावेच लागते. पण औषधाआधी कानाचा एक थेंब काचेवर घ्यायला दोन मिनिटे लागतात. काच खिशात, औषध गाईत, आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी निदान हातात. पहिले औषध बरोबर होते की बदलायला हवे, ते तेव्हा ठरवता येते.

परजीवी न दिसण्याला आणखीही कारणे असतात आणि ती लपवून चालणार नाही. थायलेरियाच्या पहिल्या दिवसांत तो तांबड्या पेशींत नसतोच, तो लसिका ग्रंथींतल्या पांढऱ्या पेशींत वाढत असतो. गाईच्या खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजते. त्या गाठीत सुई घालून काढलेल्या द्रवात जे निळे पुंज दिसतात त्यांना आजही रॉबर्ट कॉखचे नाव आहे. म्हणजे १०५-१०६ अंश ताप आणि सुजलेली गाठ असेल तर कानाचा थेंब पुरेसा नाही, गाठीतलाही थेंब हवा. जो डॉक्टर खांद्यापुढे हात फिरवून गाठ चाचपतो तो निम्मे निदान तिथेच करतो. दिवाळीच्या पाडव्याला आपण गुरांना आंघोळ घालतो, माळा घालतो, ओवाळतो. त्या दिवशी अंगावरून हात फिरतोच आहे, तर तो खांद्यापुढे, कानामागे, कासेजवळ आणि शेपटीखाली जरा थांबावा.

काचपट्टीच्या जोडीला आणखी एक साधी तपासणी आहे, तिचे मोल फार आहे. मानेच्या शिरेतून जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेले रक्त एका बारीक काचनळीत भरून यंत्रात गरगर फिरवले की तांबड्या पेशी तळाशी बसतात. रक्तात त्यांचा हिस्सा किती ते पट्टीवर वाचता येते. निरोगी गाईत तो साधारण २४ ते ४६ टक्के असतो. तो १२ च्या खाली घसरला असेल तर परजीवी मारणारे औषध देऊनही गाय रक्ताअभावी मरू शकते, आणि तेव्हा दुसऱ्या निरोगी गाईचे रक्त देण्याचा विचार करावा लागतो. गाईला आयुष्यात पहिल्यांदा रक्त देताना गट जुळवला नाही तरी सहसा निभावते. याच नळीत तांबड्या पेशींच्या वर जो पांढरट थर जमतो त्याच्या सीमेवर सर्राचे परजीवी गोळा होतात, आणि पातळ पापुद्र्यात हुकलेले तिथे सापडतात. यंत्र लहान आहे, वीज लागते, पाच मिनिटे लागतात.

परजीवी रक्तात शोधण्याचा हा इतिहास आपल्या मातीतून गेला आहे. १८८० साली डेरा इस्माइल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने घोड्या-उंटांच्या रक्तात सर्राचा परजीवी पाहिला. रोग घडवणारा ट्रिपॅनोसोमा जगात प्रथम दिसला तो तिथे. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात गुरांच्या रोगांसाठी सरकारी जिवाणूशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. तिच्या आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर काम केले. १८९३ मध्ये ती कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला गेली आणि पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. त्याच १८९३ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप, म्हणजे बबेशियाच, गोचिडीतून पसरतो हे सिद्ध केले. किडा चावून रोग होतो याचा हा पहिला भक्कम पुरावा. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासात मलेरियाचा परजीवी पाहिला तो त्यानंतर चार वर्षांनी. माणसाच्या वैद्यकाने हा धडा गुरांच्या रक्ताकडून घेतला.

परजीवी दिसला नाही तरी त्याची खूण रक्तात राहते. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये एलायझासारख्या तपासणीत सापडतात. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने तयार केलेला सर्राचा एलायझा संच जून २०२२ मध्ये देशात उपलब्ध झाला. शेकडो नमुने एका दिवसात तपासता येतात, म्हणून एखाद्या तालुक्यात रोग किती पसरला आहे हे पाहायला ही पद्धत उत्तम. पण एका गाईच्या उपचारासाठी ती जपूनच वापरायला हवी, कारण प्रतिद्रव्ये म्हणजे कधीतरी गाठ पडली होती याची नोंद. आज परजीवी अंगात आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

हा फरक महाराष्ट्राने माणसांच्या बाबतीत पाहिला आहे. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात शिवणी गावच्या एका शेतकऱ्याला महिनोन्‌महिने येऊन-जाऊन ताप येत राहिला आणि त्याच्या रक्तात सर्राचा परजीवी सापडला. गुरांचा हा परजीवी माणसात खात्रीने सापडल्याची ही पहिली घटना. माणसाच्या रक्तातले एक विशिष्ट प्रथिन या परजीवीला मारते, आणि त्या शेतकऱ्यात जनुकीय दोषामुळे ते कार्यक्षम नव्हते. सुरामिन देऊन तो बरा झाला. मग त्या गावातल्या १८०६ जणांचे रक्त कार्डावरच्या झटपट तपासणीने पाहिले. ४१० जणांत प्रतिद्रव्यांचा प्रतिसाद आला, पण ज्यांचा प्रतिसाद जास्त होता त्यांचे रक्त बारकाईने शोधूनही परजीवी मिळाला नाही. त्या ४१० जणांना नुसत्या कार्डावरून सुरामिन टोचले असते तर अनर्थ झाला असता. गाईच्या बाबतीत मात्र कार्डासारख्याच, किंवा त्याहून कमी पुराव्यावर औषधे टोचली जातात.

पीसीआर ही तपासणी प्रतिद्रव्यांच्या तपासणीच्या दुसऱ्या टोकाला आहे. ती परजीवीचे डीएनए शोधते, काचपट्टीवर न दिसणारा एखाददुसराही पकडते, आणि जातीही वेगळ्या करते. पश्चिम घाटाच्या दमट पट्ट्यात हे महत्त्वाचे, कारण इथे थायलेरिया अ‍ॅन्युलाटाच्या जोडीला थायलेरिया ओरिएंटॅलिसचा विचार करावा लागतो. त्याला पूर्वी निरुपद्रवी समजत. २०११ मध्ये केरळमधल्या संकरित गाई त्याने मेल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तो समज उरला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली या दोघांत फरक करणे फार कठीण. पण पीसीआरमध्ये थायलेरिया मिळाला आणि गाय धडधाकट चरते आहे, दूध देते आहे, तर तिच्यावर महाग औषधाचा मारा करणे मला पटत नाही. बरी झालेली गाय अनेक वर्षे परजीवी अंगात बाळगू शकते. अहवाल गाईशेजारी उभे राहूनच वाचायला हवा.

रक्तात किंवा यकृतात राहूनही रक्ततपासणीला सहसा हाती न लागणारे परजीवी आहेत, आणि भाताच्या देशात त्यांना विसरता येणार नाही. तिळारीच्या कालव्यांचे पाणी पेडणे-डिचोलीकडे आले, वायंगण शेतीला आधार झाला. पाण्याबरोबर गोगलगायीही येतात आणि त्यांच्यातून जनावरांत जंत शिरतात. पर्णकृमी यकृतात बसतो, त्याची अंडी शेणात शोधायची. शिस्टोसोमा नावाचा जंत तर नाकाच्या रक्तवाहिन्यांतच राहतो, बैल घोरल्यासारखा श्वास घेतो, आणि त्याची अंडी नाकातल्या शेंबडात मिळतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात गिमवी इथे १९५२ साली माणसांतला शिस्टोसोमा सापडल्याची नोंद झाली तेव्हाही तो रक्तवाहिन्यांत होता आणि अंडी लघवीत. म्हणून फिकट गाईच्या रक्तात काही मिळाले नाही तर तपासणी संपत नाही, शेणाची डबीही सोबत गेली पाहिजे. खप्पड झालेल्या कालवडीला वर्षभर गोचीड तापाची इंजेक्शने देत राहायचे आणि शेण एकदाही तपासायचे नाही, हा तिच्यावर अन्याय आहे.

गोचिडीचे आणखी एक प्रकरण याच डोंगरांत घडले. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात काजूच्या बागांत जाणाऱ्या माणसांना माकडताप झाला, पुढच्या वर्षी तो दोडामार्गात पोचला. तो विषाणूचा रोग, गुरे त्याने आजारी पडत नाहीत. पण रानातली गोचीड गुरांवर पोसते आणि वाढते. त्या वेळी माणसांच्या रक्ताचे नमुने घेतले गेले, निदान झाले, लसीकरण झाले, आरोग्य खाते गावोगाव फिरले. गोचीड म्हणजे काय याची जाण त्या गावांतल्या माणसांना तेव्हा आली. तीच गुरे, तेच काजूचे डोंगर. मग गाईचे रक्त तपासण्याची घाई कोणाला का नसावी, हा प्रश्न मला सोडत नाही.

सोयी अगदीच नाहीत असे नाही. तालुक्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पणजीला पशुसंवर्धन खात्याचे मुख्यालय आहे, जुन्या गोव्यात एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी संशोधन संस्था आहे. पुण्यात औंधला पश्चिम विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. बंगळुरूची पशुरोगांवरची राष्ट्रीय संस्था थायलेरिया, बबेशिया, सर्रा आणि पर्णकृमी यांच्या साथींचे जिल्हावार अंदाज दोन महिने आधी देते. पण हे अंदाज गावातून गेलेल्या नमुन्यांवर आणि नोंदींवरच उभे राहतात. ज्या तालुक्यातून काचपट्टी जात नाही तो तालुका त्या नकाशावर निरोगी दिसतो. पेडण्याच्या एखाद्या वाड्यावर पाच गाई गोचीड तापाने गेल्या आणि एकीचेही रक्त कुठे पोचले नाही, तर सरकारी दृष्टीने तिथे काही घडलेच नाही. त्या पाच गाईंच्या मालकाला भरपाई मागायलाही हातात काही नसते.

माझे म्हणणे मोठ्या प्रयोगशाळेसाठी नाही. तालुक्याच्या दवाखान्यात चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक, गिम्साची ताजी बाटली, रक्त फिरवायचे लहान यंत्र आणि त्यापाशी बसणारे एक सरावलेले माणूस. ही चार गोष्टींची जुळणी आहे, त्यातले माणूस सर्वांत महत्त्वाचे आणि त्याचीच बदली सर्वांत लवकर होते. नळीतले रक्त थंड ठेवावे लागते पण गोठू द्यायचे नसते, म्हणून बर्फाची पिशवी आणि नळी यांच्यामध्ये कापड घालावे लागते. वाळवून पक्की केलेली काचपट्टी मात्र दूध संस्थेच्या गाडीतूनही जाऊ शकते. दूध रोज सकाळी गावातून बाहेर पडतेच. त्याच गाडीच्या चालकाकडे कागदात गुंडाळलेली काच द्यायला काय हरकत आहे?

लसीचेही तसेच. थायलेरियाविरुद्धची रक्षावॅक-टी ही लस भारतात बनते, संकरित वासरांना ती दिली तर मोठेपणी हा ताप जीवघेणा ठरण्याची भीती खूप कमी होते. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते म्हणून अवघड मानली जाते. पण कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी तोच नायट्रोजन गावापर्यंत पोचतो. ही लस थायलेरिया अ‍ॅन्युलाटासाठी आहे. एखाद्या गावात नेमका कोणता थायलेरिया फिरतो हे रक्तावरून कळल्याशिवाय ती तिथे द्यावी का, हे ठरवता येत नाही. पुन्हा तोच थेंब.

बाहेरून गाय आणणाऱ्याने एवढे करावे. गाय उतरल्यावर तिला लगेच जुन्या गाईंत बांधू नये, वेगळ्या आडोशाला ठेवावी. पहिल्याच दिवशी गोचिडी काढाव्यात, काचपट्टी आणि जांभळ्या टोपणाची नळी भरून घ्यावी. गोचीड चावल्यापासून ताप चढेपर्यंत एक ते तीन आठवडे जाऊ शकतात, म्हणून तिसऱ्या आठवड्यात रक्त पुन्हा द्यावे. मधल्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. गाईचा ताप गुदद्वारात थर्मामीटर घालून घरच्या माणसालाही मोजता येतो, १०३ अंशांपुढे गेला की फोन करावा. नमुन्यासोबतच्या कागदावर गाईचा बिल्ला क्रमांक, वय, कितवे वेत, केव्हा व्याली, कुठून आणली, लघवीचा रंग, ताप किती आणि गेल्या पंधरा दिवसांत कोणती औषधे दिली हे लिहावे. हे शेवटचे कोणी लिहीत नाही, आणि तपासणाऱ्याला सर्वांत आधी तेच हवे असते. औषध आधीच दिले असेल तर तसे स्पष्ट लिहावे, नाव आठवत नसेल तर रिकामी बाटली सोबत पाठवावी. अहवाल आला की त्याची प्रत मागून घ्यावी आणि गोठ्यात जिथे दुधाचा हिशेब टांगलेला असतो तिथेच ती टांगावी, म्हणजे रात्री अकराला वेगळा डॉक्टर आला तरी त्याला या गाईच्या रक्ताचा मागचा इतिहास कंदिलाच्या उजेडातही वाचता येईल.